विश्लेषण : ‘शिकाऊ’ गिटारला ३५ कोटींचा भाव! आखूड इलेक्ट्रिक गिटार जपायच्या, वाजवायच्या की बदलायच्या?

मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधील लिलावात एक निळी इलेक्ट्रिक गिटार ४५ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. तेव्हाच्या दराने ही रक्कम साधारण ३५ कोटी रुपये होते. ‘निर्वाणा’ बँडचा कर्ट कोबेन याने ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या गाण्याच्या १९९१ च्या व्हिडीओत वाजवलेली ती १९६९ ची फेंडर ‘कॉम्पिटिशन मस्टँग’. गंमत म्हणजे ही गिटार कंपनीने महागडी म्हणून कधी बनवलीच नव्हती. नवशिक्यांसाठी, कमी किमतीत आणि मुद्दाम आखूड मापात काढलेले ते मॉडेल होते. एके काळी दुकानाच्या कोपऱ्यात पडून राहणाऱ्या या ‘शॉर्ट स्केल’ गिटार आज जगभरचे संग्राहक शोधत असतात, कंपन्या त्यांच्या नव्या आवृत्त्या काढतात आणि हौशी वादक त्यांची खोलाखोली करतात. पण जुनी गिटार मूळ रूपात जपायची की मनासारखी बदलायची, हा वाद काही मिटत नाही. त्याचे उत्तर अवघड नाही; फक्त ते जुन्या आणि नव्या गिटारसाठी वेगवेगळे आहे.

‘शॉर्ट स्केल’ म्हणजे नेमके काय?

गिटारचे ‘स्केल’ म्हणजे कंप पावणाऱ्या तारेची लांबी. वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तो ‘नट’ आणि खालची घोडी म्हणजेच ब्रिज, या दोन टेकूंमधील हे अंतर. गिटारचे खोड किती मोठे आहे याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टर या सर्वांत प्रसिद्ध गिटारचे स्केल २५.५ इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर असते. गिब्सनच्या लेस पॉलचे स्केल पावणेपंचवीस इंचांच्या आसपास. २४ इंच किंवा त्याहून कमी स्केल असलेल्या गिटारना सर्वसाधारणपणे ‘शॉर्ट स्केल’ म्हटले जाते.

फेंडरच्या जॅग्वार आणि मस्टँग या २४ इंची (६१० मिमी) गिटार यातील सर्वांत परिचित. त्याच कंपनीच्या म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक यांचे मूळ माप आणखी कमी, २२.५ इंच. जॉन लेननने ‘बीटल्स’च्या सुरुवातीच्या काळात वाजवलेल्या रिकनबॅकर ३२५ चे स्केल तर अवघे २०.७५ इंच आहे.

दीड इंचाने असा काय फरक पडतो?

बराच पडतो आणि तो शाळेतल्या भौतिकशास्त्राने समजतो. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि जाडी. तीच तार, तोच सूर आणि लांबी कमी, तर ताणही कमी लागतो आणि तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २५.५ ऐवजी २४ इंच केले की ताण सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो. २२.५ इंचांवर ही घट २२ टक्क्यांपर्यंत जाते. बोटांना तारा मऊ लागतात, तार खेचून सूर चढवणे (बेंड) सोपे होते.

दुसरा फरक फ्रेटच्या अंतराचा. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर स्ट्रॅटोकास्टरवर सुमारे १३४ मिमी, जॅग्वार किंवा मस्टँगवर १२६ मिमी आणि २२.५ इंची ड्युओ-सॉनिकवर ११८ मिमी भरते. कागदावर आठ मिलिमीटर क्षुल्लक वाटतात; पण करंगळी ताणून कॉर्ड धरणाऱ्याला ते लगेच जाणवतात. म्हणून लहान हातांच्या वादकांना या गिटार सोयीच्या वाटतात. मोठ्या हातांच्या वादकांनाही लांब पल्ल्याच्या कॉर्ड पकडताना त्यांचा फायदा होतो.

अर्थात, सैल तारेचे तोटेही आहेत. बोट जरा जोरात दाबले की सूर चढतो. तार जास्त हेलकावते, त्यामुळे फ्रेटला घासून खरखरते. सूर खाली उतरवून जड संगीत वाजवायचे तर तारा लोंबल्यासारख्या होतात. यावर अनुभवी वादकांचा उपाय म्हणजे जाड तारा. २४ इंची गिटारवर ‘दहा’च्या ऐवजी ‘अकरा’चा संच लावला, की ताण मोठ्या गिटारवरील ‘दहा’च्या संचापेक्षाही सुमारे सात टक्के अधिक होतो. ‘साडेदहा’चा संच लावल्यास तो जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे कमी अंतराचा फायदा ठेवून सैलपणा घालवता येतो.

या गिटार आल्या कुठून?

१९५६ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील फेंडर कंपनीने म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक या दोन गिटार आणल्या. पहिलीला एक पिकअप, दुसरीला दोन. ग्राहक ठरलेला होता: शाळकरी मुले आणि नवशिके. १९६४ मध्ये याच कुळात मस्टँग आली. तिला सूर थरथरवणारी दांडी (व्हायब्रेटो) आणि प्रत्येक पिकअपसाठी एक सरकते बटण होते. या बटणांनी पिकअप बंद करता येतो आणि दोन पिकअप एकमेकांच्या विरुद्ध ‘फेज’मध्येही जोडता येतात. त्यातून निघणारा बारीक, नाकातून आल्यासारखा आवाज ही मस्टँगची ओळख बनली.

जॅग्वारची गोष्ट मात्र उलटी. १९६२ मध्ये ती फेंडरची सर्वांत वरच्या दर्जाची गिटार म्हणून आली. किंमत स्ट्रॅटोकास्टरपेक्षा जास्त, क्रोमचे चकचकीत पत्रे, दोन स्वतंत्र सर्किट, तारा दाबून धरणारे म्यूटसुद्धा. म्हणजे ‘आखूड म्हणजे स्वस्त आणि शिकाऊ’ हे समीकरण खुद्द फेंडरनेच साठ वर्षांपूर्वी मोडले होते. कॅलिफोर्नियातील ‘सर्फ’ संगीताच्या लाटेवर जॅग्वार काही वर्षे चालली. ‘बीच बॉइज’चा कार्ल विल्सन ती वाजवत असे.

१९६५ मध्ये लिओ फेंडर यांनी कंपनी सीबीएसला विकली. पुढे संगीताची चव बदलली. जड रॉकसाठी वादकांना लेस पॉल हवी होती, नाही तर जिमी हेंड्रिक्समुळे गाजलेली स्ट्रॅटोकास्टर. १९७५ मध्ये जॅग्वार बंद झाली, १९८२ मध्ये मस्टँगही.

मग अडगळीतून त्या मंचावर कशा आल्या?

कारण सरळ आहे: त्या स्वस्त होत्या. १९७० आणि ८० च्या दशकात अमेरिका-ब्रिटनमधल्या होतकरू बँडना जुनी स्ट्रॅटोकास्टर परवडत नव्हती. गहाणवटीच्या दुकानात किंवा सेकंड हँड बाजारात मस्टँग, म्युझिकमास्टर आणि जॅग्वार मात्र कमी पैशांत मिळत. पंक आणि त्यानंतरच्या ‘ऑल्टरनेटिव्ह’ संगीताने त्याच उचलल्या. कोबेनचे उदाहरण सर्वांत ठळक. तो डावखुरा होता, त्यामुळे त्याला पर्याय आधीच कमी होते. मस्टँग ही आपली आवडती गिटार असल्याचे त्याने मुलाखतीत सांगितले होते. त्याच्याकडील १९६५ च्या जॅग्वारमध्ये तर आधीच्या मालकाने मूळ पिकअप काढून मोठे ‘हमबकर’ पिकअप बसवलेले होते. ‘रेड हॉट चिली पेपर्स’च्या ‘अंडर द ब्रिज’ या व्हिडीओत जॉन फ्रुशांटेच्या हातातही जॅग्वारच होती.

जपानमध्ये याची वेगळी परंपरा आहे. ‘चार’ या नावाने ओळखला जाणारा गिटारवादक १९७० च्या दशकापासून मस्टँगशी जोडला गेला. २००९ मध्ये आलेल्या ‘के-ऑन!’ या अॅनिमे मालिकेतील आझुसा हे पात्र लाल मस्टँग वाजवते. छोट्या चणीच्या मुलीच्या हातात छोटी गिटार हे चित्र नव्या पिढीच्या डोक्यात तिथून बसले.

जुनी गिटार खरी की बनावट, कसे ओळखतात?

किंमत वाढली की बनावट माल येतोच. म्हणून संग्राहकांचा निम्मा वेळ तपासणीत जातो. मानेच्या सांध्यावरील धातूच्या पट्टीवर अनुक्रमांक असतो. पण पट्टी चार स्क्रूंनी निघते, त्यामुळे एकट्या त्या क्रमांकावर कोणी विसंबत नाही. मान सोडवली की तिच्या बुडाशी तारखेचा शिक्का दिसतो. १९६० च्या दशकातील शिक्क्यांत महिना आणि वर्षाच्या जोडीने ए, बी, सी किंवा डी असे अक्षरही असते. ते नटजवळ मान किती रुंद आहे ते सांगते. ‘बी’ ही नेहमीची रुंदी.

त्याहून रंजक पुरावा आतल्या सर्किटमध्ये असतो. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटच्या पाठीवर आकड्यांची एक ओळ छापलेली असते. सुरुवातीचे तीन आकडे कारखान्याचे (१३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल), पुढचे वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. उदाहरणार्थ, १३७६६१३ म्हणजे सीटीएसने १९६६ च्या तेराव्या आठवड्यात बनवलेला पॉट. अर्थात गिटार त्या तारखेनंतर कधीही जोडलेली असू शकते, आधी मात्र नाही. मानेचा शिक्का, पॉटचा आकडा आणि अनुक्रमांक हे तिन्ही एकमेकांशी जुळले आणि सोल्डरिंगचे डाग कुणी छेडलेले नसले, तरच विश्वास ठेवायचा.

या बाजारात ‘मूळ’ या शब्दाला फार वजन आहे. पुन्हा रंगवलेल्या किंवा जास्तीच्या पिकअपसाठी खोड कोरलेल्या गिटारची किंमत बरीच घसरते. वाजवण्याच्या दृष्टीने ती कितीही उत्तम असली तरी!

‘रिइश्यू’ म्हणजे नुसती नक्कल का?

सगळ्या रिइश्यू सारख्या नसतात, हे खरेदीदाराने आधी लक्षात घ्यायला हवे. त्यांचे ढोबळ तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार मूळ आराखड्याशी प्रामाणिक राहणारा. १९८२ मध्ये सुरू झालेल्या फेंडर जपानने पुढे जुन्या धाटणीच्या मस्टँग आणि जॅग्वार बनवल्या. अमेरिकेत १९९९ मध्ये ‘अमेरिकन व्हिंटेज ’६२ जॅग्वार’ आली.

दुसरा प्रकार नाव जुने, वाद्य बरेचसे नवे. २०१६ मध्ये मेक्सिकोत बनलेल्या मस्टँग आणि ड्युओ-सॉनिक २४ इंचीच होत्या. पण त्या मस्टँगमध्ये ना व्हायब्रेटो होता, ना ती सरकती बटणे. स्थिर घोडी आणि तीन स्थितींचा साधा स्विच. वाजवायला सोपी, पण जुनी मस्टँग समजून घेणाऱ्याचा हिरमोड ठरलेला.

तिसरा प्रकार फेंडरच्याच ‘स्क्वायर’ या स्वस्त ब्रँडचा. इंडोनेशिया आणि चीनमध्ये बनणाऱ्या या गिटारमध्ये काही जुन्या आराखड्याच्या जवळ जातात, तर ‘बुलेट मस्टँग’सारख्या काही दोन हमबकर घालून वेगळीच वाट धरतात.

यात आणखी एक मजा आहे. हौशी वादकांनी घरी केलेले बदल हळूहळू कारखान्यात शिरले. कोबेनच्या बदललेल्या जॅग्वारची हुबेहूब आवृत्ती फेंडरने २०११ मध्ये काढली. त्याने जॅग्वार आणि मस्टँगचे फोटो कापून जोडलेल्या कल्पनेवरून ‘जॅग-स्टँग’ ही गिटार १९९६ मध्येच बाजारात आली होती. ‘द स्मिथ्स’चा जॉनी मार याच्या नावाच्या २०१२ च्या जॅग्वारमध्ये घोडीपासून स्विचपर्यंत अनेक दुरुस्त्या आहेत.

बदल करतात ते कोणते आणि का?

सर्वाधिक शस्त्रक्रिया जॅग्वारच्या घोडीवर होतात. दोष एका अर्थाने काळाचा आहे. १९६२ मध्ये वादक जाड, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा लावत. त्या ताणाने घोडीवर घट्ट बसत. नंतर पातळ तारांचा जमाना आला. जॅग्वारमध्ये घोडीवरून मागे जाणाऱ्या तारांचा कोन फारच उथळ असतो. त्यामुळे पातळ तारा खाचेतून निसटतात, स्क्रू थरथरून सैल होतात आणि घोडी खडखडते. ‘जॅग्वार वाईट गिटार आहे’ ही समजूत बरीचशी यातूनच रुजली.

उपाय अनेक आहेत. सर्वांत स्वस्त म्हणजे जाड तारा लावणे. त्यानंतर मानेच्या सांध्यात पातळ पाचर घालून मान किंचित मागे कलवायची आणि घोडी तेवढी उंच करायची. कोन वाढतो, तारा दबून बसतात. मस्टँगची घोडी जॅग्वारच्या खोबणीत सरळ बसते आणि तिच्या प्रत्येक टेकूला एकच खोल खाच असल्याने तार घसरत नाही. खिसा सैल सोडायचा असेल तर ‘मास्टरी’सारख्या खास बनवलेल्या घोड्या आहेत.

सर्किटमधला बदल आवाजाचा. स्ट्रॅटोकास्टरमध्ये २५० किलोओहमचे पॉट असतात, जॅग्वारमध्ये १ मेगाओहमचे. जास्त रोधामुळे उंच सूर अधिक मोकळे सुटतात आणि आवाज काहींना टोचतो. पॉट बदलले की तो मवाळ होतो. मस्टँगची सरकती बटणे काढून तीन स्थितींचा स्विच बसवणारेही पुष्कळ आहेत.

हे सगळे बदल एका बाबतीत सारखे आहेत: ते परत फिरवता येतात. पाचर काढता येते, घोडी पुन्हा बसवता येते, जुना पॉट पुन्हा सोल्डर करता येतो. हमबकरसाठी खोड कोरणे, नवे भोक पाडणे, मूळ रंग खरवडणे हे मात्र कायमचे. कोरलेले लाकूड परत येत नाही.

कोबेनने केले, मग इतरांनी का नाही?

बदलवाल्यांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गिटार हे हत्यार आहे, देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. या वाद्यांना जी कीर्ती मिळाली, ती मुळात ती कापणाऱ्या, ठोकणाऱ्या, वाटेल तशी वापरणाऱ्या तरुणांमुळे. त्यांनी ‘मूळपणा’ जपत काचेच्या पेटीत ठेवल्या असत्या, तर आज मस्टँगला कुणी विचारलेही नसते. शिवाय संग्राहकांच्या चढाओढीमुळे भाव असे वाढले की ज्या वर्गासाठी या गिटार बनल्या होत्या, तोच त्यांच्यापासून दूर गेला. ही तक्रार रास्तच आहे.

पण या युक्तिवादात काळाचा हिशेब चुकतो. १९८५ मध्ये जुनी मस्टँग ही बाजारातली स्वस्त गिटार होती. तिच्यावर प्रयोग करणे म्हणजे हाताशी असलेल्या साधनावर प्रयोग करणे होते. आज तीच भूमिका स्क्वायर आणि इतर रिइश्यू बजावतात. त्या सहज मिळतात, पुन्हा बनतात, बिघडल्या तर दुसरी घेता येते. १९६० च्या दशकातील मस्टँगची संख्या मात्र आता वाढणार नाही, दर वर्षी थोडी कमीच होईल. कोबेनचा वारसा चालवायचा, तर त्याच्यासारखे स्वस्त वाद्य उचलून आपल्याला हवे तसे करावे. साठ वर्षे टिकलेल्या गिटारमध्ये करवत चालवून तो वारसा मिळत नाही.

दुसऱ्या बाजूने, संग्राहकांनीही काही गोष्टी ऐकायला हव्यात. शिकाऊ गिटार तिजोरीत ठेवण्यासाठी जन्माला आली नव्हती. झिजलेले फ्रेट बदलणे, वाळलेला नट नवा बसवणे, खराब पॉट काढणे याला ‘मूळपणा गेला’ म्हणणे म्हणजे वाद्य मुके झाले तरी चालेल, पण सोल्डरचा डाग जुना हवा, असे म्हणण्यासारखे आहे. आपल्याकडे तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढण्याचे काम वरचेवर होते. त्याने तानपुरा बाटला, असे कुणी म्हणत नाही. जवारी न काढलेला तानपुराच निरुपयोगी मानला जातो. गिटारच्या देखभालीकडेही याच नजरेने पाहायला हवे.

मधली वाट साधी आहे. जुनी गिटार वाजवावी, दुरुस्त करावी. पण परत फिरवता येणारेच बदल करावेत. काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून गिटारच्या पेटीतच ठेवावा. काय, कधी बदलले याची नोंद चिठ्ठीवर लिहावी. पुढच्या मालकाला खरे काय ते कळते आणि फसवाफसवीलाही आळा बसतो. छिद्रे पाडायची हौस रिइश्यूवर भागवावी.

या सगळ्यात शिसवी लाकडाचा काय संबंध?

फार जवळचा. जुन्या फेंडर गिटारच्या मानेवर फ्रेट बसवलेली जी काळपट पट्टी दिसते, ती बहुतेकदा रोझवूडची असते. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती ब्राझीलच्या रोझवूडची असे. त्यानंतर फेंडरने भारतीय रोझवूड, म्हणजे आपले शिसवी लाकूड वापरायला सुरुवात केली. पश्चिम घाटातील हे झाड त्यामुळे जगभरच्या गिटारमध्ये पोहोचले.

ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाखाली आहे. २०१७ च्या सुरुवातीला रोझवूडच्या बाकी जातीही दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि गिटार कंपन्यांची धावपळ उडाली. २०१९ अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूडला मात्र नाही. अमेरिकेतून किंवा युरोपातून जुनी जॅग्वार घेऊन मायदेशी येण्याचा बेत असणाऱ्याने तिची पट्टी कोणत्या लाकडाची आहे आणि कागदपत्रे आहेत का, हे आधी तपासावे. नाही तर सीमाशुल्क विभागात अडकण्याची पाळी येईल.

इथल्या शिकणाऱ्याने काय पाहावे?

आपल्याकडे गिटार शिकायला जाणाऱ्या मुलाच्या हाती बहुधा मोठी अकूस्टिक गिटार पडते. जाड पोलादी तारा, उंच घोडी आणि काखेत न मावणारे खोड. बोटे सोलली की दोन महिन्यांत हौस मावळते आणि दोष मुलाच्या माथी मारला जातो. अशा मुलासाठी आखूड स्केलची इलेक्ट्रिक गिटार हा अगदी विचार करण्याजोगा पर्याय आहे. पण ‘ती खेळण्यातली, खरी गिटार नंतर घेऊ’ हा शेरा दुकानापासून घरापर्यंत ऐकू येतो.

हा शेरा आपल्याच परंपरेत बसत नाही. व्हायोलिन अर्ध्या आणि पाऊण मापात मिळते; त्याला कुणी खेळणे म्हणत नाही. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर पुरुषी पट्टीसाठी लांब आणि स्त्रियांच्या उंच पट्टीसाठी आखूड तानपुरा बनवतात. आखूड तानपुऱ्याला ‘शिकाऊ’ म्हणण्याची हिंमत कोण करेल? वाद्याचे माप वाजवणाऱ्याला आणि सुराला बघून ठरते, प्रतिष्ठेला बघून नाही.

खरेदीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, स्केलचा आकडा. ‘मिनी’ नावाच्या गिटारमध्येही फरक असतो: स्क्वायर मिनी पावणेतेवीस इंचांच्या आसपास, तर आयबानेझ मायक्रो २२.२ इंच. मोठे होईपर्यंत वापरायची असेल तर २४ इंची मस्टँग किंवा ड्युओ-सॉनिक कुळातील गिटार अधिक टिकाऊ निवड ठरते. दुसरी, तारांचा संच. पातळ तारा लावून ‘सूर लागत नाही’ म्हणण्यापूर्वी एक जाड संच लावून पाहावा. तिसरी, सेटअप, घोडीची उंची आणि मानेचा बाक जाणत्याकडून एकदा नीट करून घ्यावा. चौथी, पावसाळा. कोकण किंवा मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगते, मान हलते, तारांना गंज चढतो. जुन्या धाटणीच्या मस्टँग आणि जॅग्वारमध्ये मानेतील सळईचा नट बुडाशी असतो, म्हणजे बाक सुधारायला मान सोडवावी लागते. नव्या आवृत्तीत ही सोय वरच्या टोकाला आहे का, हे दुकानातच विचारून घ्यावे.

पुढे काय?

३५ कोटींच्या लिलावाने मस्टँगचा आवाज सुधारला नाही, की कुणाला ती वाजवायलाही मिळाली नाही. तो भाव कोबेनच्या बोटांचा आहे, वाद्याचा नाही. मात्र अशा बातम्यांनंतर साध्या, कुणीही न वाजवलेल्या मस्टँगचेही भाव फुगवले जातात आणि ‘गुंतवणूक’ म्हणून त्या कपाटात जातात. हे थांबवणे कुणाच्या हाती नाही. हाती आहे ते एवढेच की जुन्या गिटार ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या वाजत्या ठेवाव्यात, न कापता. आणि कंपन्यांनी स्वस्त आखूड गिटार बनवताना घोडी आणि पॉट यांच्यात काटकसर करू नये. कारण पुढची पिढी गिटार शिकेल ती लिलावातल्या गिटारवर नाही, तर दुकानातल्या सर्वांत खालच्या फळीवर ठेवलेल्या २४ इंची गिटारवर.